उजव्या पायातला गिअर

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातील हे वाचक ५४ वर्षांचे आहेत आणि सहकारी बँकेतून त्यांनी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. त्यांचे वडील पशुवैद्यकीय खात्यात होते. १९८४ साली घेतलेल्या ३५० सीसीच्या बुलेटवरून त्यांनी जत तालुक्यातील गावोगावी जनावरे तपासली. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे गाडी चालवणे थांबले आणि अकरा वर्षे ती ताडपत्रीखाली उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. आवराआवर करताना टूलबॉक्समध्ये पेट्रोल आणि किलोमीटर यांच्या नोंदींची एक वही सापडली. ‘एकदा कन्याकुमारीपर्यंत गाडी घालायची,’ असे वडील म्हणत असत. म्हणून येत्या दिवाळीत हीच बुलेट दुरुस्त करून दहा दिवसांत कन्याकुमारीला एकट्याने जाऊन यायचे, असे या वाचकांच्या मनात आहे. ‘पत्नीचा विरोध आहे. तुम्ही जाणार आणि मी फोनकडे बघत बसणार, एवढे बोलून तिने विषय बंद केला. बंगळूरला असलेला मुलगा म्हणतो, रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक घ्या, नाहीतर कारने जाऊ. मित्र म्हणतात, कन्याकुमारी कसली, लडाखला चला. वडिलांच्या गाडीवरच जावे, नवी घ्यावी, की या वयात हा नाद सोडावा? बुलेट म्हणजे सैन्याची गाडी, ती कुठेही जाते, असे वडील सांगत. गेली बारा वर्षे मी रोज स्कूटर चालवतो, त्यामुळे दुचाकीची सवय आहे.’

सप्रेम नमस्कार.

पत्रातील शेवटचे वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल, पण माझे उत्तर तिथूनच सुरू होते. स्कूटरची सवय ही तुमच्या वडिलांच्या बुलेटसाठी सवय नव्हे. काही प्रसंगी ती उलटी सवय आहे. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात, म्हणजे अचानक कुत्रे आडवे आले की दोन्ही मुठी आवळायच्या, हे बारा वर्षांत तुमच्या हातांनी शिकून घेतले आहे. बुलेटवर डाव्या मुठीत क्लच आहे. तिथे तुम्ही दोन्ही मुठी आवळल्या की इंजिनाचा आवर सुटेल आणि फक्त पुढचा ब्रेक लागेल, तोही जुना ड्रमचा. मागचा ब्रेक डाव्या पायाखाली आहे आणि तुमच्या डाव्या पायाला बारा वर्षांत काही कामच नव्हते. गिअर उजव्या पायात आहे, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. हल्लीच्या कोणत्याही मोटारसायकलचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. म्हणून आजकालची गाडी चालवणारा माणूस या बुलेटवर बसला आणि घाबरून त्याने उजवा पाय दाबला, तर गाडी थांबण्याऐवजी वरच्या गिअरमध्ये जाते. हे सगळे तुम्हाला माहीत आहे, कारण तरुणपणी तुम्ही ही गाडी चालवलेली आहे. मात्र माहीत असणे वेगळे आणि घाबरलेल्या पायाला आठवणे वेगळे.

म्हणून ‘कोणती गाडी’ या तुमच्या प्रश्नाआधी ‘कोणता चालक’ हा प्रश्न येतो. यात वयाचा मुद्दा मी फारसा मानत नाही. ५४ हे काही घरी बसण्याचे वय नाही आणि या वयाची माणसे तरुणांपेक्षा गाडी जपून चालवतात, असेच मी पाहिले आहे. डोळे, रक्तदाब, साखर आणि कंबर एकदा तपासून घ्या. चाळिशीनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण करताना वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच, तेव्हा परवान्याची मुदतही त्याच निमित्ताने पाहा. खरी उणीव सरावाची आहे, आणि सुदैवाने ती भरून काढता येते. त्यासाठी दीडदोन महिने रोज अर्धा तास हवा, रिकामे मैदान हवे आणि थोडा संकोच सोडण्याची तयारी हवी. गल्लीतली मुले हसतील, त्यांना हसू द्या.

आता वडिलांविषयी. तुमच्या पत्रात ‘त्यांची इच्छा पूर्ण करणे’ हे शब्द तीनदा आले आहेत. ‘मला जायचे आहे’ असे एकदाही आलेले नाही. हा दोष म्हणून मी दाखवत नाही, पण तुम्ही स्वतःला विचारावे असे वाटते की हा प्रवास वडिलांचा म्हटल्याशिवाय घरात मागता येत नव्हता का? तीस वर्षे बँकेत काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला एकदा मोकळ्या रस्त्यावर जावेसे वाटले, तर ते कारण पुरेसे आहे. त्याला दिवंगत माणसाची शिफारस लागत नाही. उलट अशा शिफारशीची अडचण होते. रस्त्यात गाडी बिघडली किंवा अंगात कणकण आली, तर स्वतःसाठी निघालेला माणूस मुकाट्याने परत फिरतो, आणि वडिलांचे ऋण फेडायला निघालेला माणूस ताप अंगावर काढून पुढे जातो. मला भीती वाटते ती याच हट्टाची.

त्या वहीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, तीही माझ्या मनात राहिली. वडिलांच्या नोंदींमध्ये एका दिवसाचा सर्वांत मोठा आकडा १४० किलोमीटरचा आहे, असे तुम्ही म्हणता. सांगली ते कन्याकुमारी हे अंतर किनाऱ्याच्या रस्त्याने १३०० किलोमीटरच्या आसपास आहे. दहा दिवसांत जाऊन यायचे तर रोज सरासरी २६० किलोमीटर पडतात, तेही एक दिवसही विश्रांती न घेता. ज्या माणसाने ही गाडी पाव शतकाहून अधिक काळ एवढ्या नेटकेपणाने सांभाळली, त्याने तिच्याकडून एका दिवसात जेवढे काम कधी घेतले नाही, त्याच्या जवळजवळ दुप्पट काम तुम्ही सलग दहा दिवस घेणार आहात, आणि तेही अकरा वर्षांच्या झोपेतून उठवून.

‘सैन्याची गाडी’ हे म्हणणे खोटे नाही. १९५०च्या दशकात भारत सरकारने सैन्यासाठी ३५० सीसीच्या बुलेटची मोठी मागणी नोंदवली, त्यातून १९५५ साली इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड ही मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली. पुढे इंग्लंडमधला कारखाना काळाच्या ओघात बंद पडला आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये तीच गाडी जवळपास त्याच नमुन्यावर कित्येक दशके बनत राहिली. तुमची १९८४ची गाडी त्याच परंपरेतली आहे. परंतु सैन्याची बुलेट कुठेही जात असे, कारण तिच्यामागे सैन्याचे वर्कशॉप, सुटे भाग आणि हुकमी मेकॅनिक असत. तुमच्यामागे कर्नाटकच्या किनाऱ्यावर होन्नावरच्या अलीकडे दुपारी दोन वाजता कोण असेल?

गाडीची प्रकृती काय आहे, हे जरा सविस्तर सांगते, कारण अशी जुनी गाडी घरात असलेले पुष्कळ वाचक पत्र लिहितात. या इंजिनाचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. रुंदीपेक्षा धाव मोठी आणि जोडीला जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे चाक, म्हणून ते सावकाश आणि दमदार ठोके देते. लोक ज्याला ‘धकधक’ म्हणतात ती हीच. असे इंजिन ताशी ५०-६० किलोमीटरच्या वेगाला समाधानाने चालते. चौपदरी महामार्गावर मागून येणारे कंटेनर आणि खासगी बस यांचा वेग त्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे तुम्ही सतत इतरांना वाट देत डाव्या कडेने चालाल. आरशात सारखे पाहत राहण्याचा हा ताण दिवसभर पुरतो, आणि संध्याकाळी जो थकवा जाणवतो तो किलोमीटरपेक्षा त्याचा असतो.

अकरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीत न दिसणाऱ्या गोष्टी बिघडलेल्या असतात. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबर कडक झालेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘३२१३’ असेल तर तो टायर २०१३च्या बत्तिसाव्या आठवड्यातला आहे आणि त्याला आता निरोप द्यावा. ट्यूब, ब्रेक शू, सर्व केबल्स आणि वायरिंगही तसेच. टाकीत आतून गंज असणार. तो पूर्ण काढल्याशिवाय पेट्रोल भरलेत तर कचरा कार्बोरेटरमध्ये जाऊन गाडी दर वीस किलोमीटरवर रुसेल. शिवाय आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्या काळची रबरी नळी, वायसर, सील हे भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल ओलावा धरून ठेवते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत गंज पुन्हा लवकर येतो. मिस्त्रीने इंजिन उघडून सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून, नवा पिस्टन बसवला, तर पहिले हजारेक किलोमीटर गाडी हळू, मध्ये थांबवत, ओझे न लादता चालवावी लागते. हे हजार किलोमीटर कन्याकुमारीच्या वाटेवर भरून काढण्याची कल्पना कोणी सुचवली, तर त्या मित्राकडून पुढे सल्ला घेऊ नका.

एवढे सांगूनही ही गाडी दुरुस्त कराच, असे माझे मत आहे. ती सुरू करण्याचा विधी तुम्हाला आठवत असेल : किल्ली फिरवायची, किक हळूच दाबत विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरची सुई मध्यावर कधी येते ते पाहायचे, मग सिलिंडरमधला दाब मोकळा करणारी डीकॉम्प्रेसरची छोटी कळ ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, कळ सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मगच पूर्ण वजनाने मारायची. घाई केली तर किक उलट येते आणि पोटरी आठवडाभर त्याची आठवण देते. तुम्ही हे वडिलांच्या शेजारी उभे राहून शिकला असाल. त्या माणसाची आठवण जपायची असेल तर ती मला या अर्ध्या मिनिटात जास्त दिसते, कन्याकुमारीच्या नकाशात कमी. आणि कृपा करून तिला डिस्क ब्रेक, नवे दिवे, चकचकीत सायलेन्सर असले काही लावू नका. कोणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून देतो म्हणेल. लांब पल्ल्यासाठी ती सूचना वाईट नाही, पण माझे ऐकाल तर ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंटच राहू द्या आणि ते साफ करायला शिका.

मुलाने सुचवलेली नवी क्लासिक हा दुसरा पर्याय. २०२१ पासूनच्या या गाडीचे इंजिन ३४९ सीसीचे असून ताकद २० अश्वशक्तीच्या थोडी वर आहे, पण आकड्यांवर जाऊ नका. दिसायला जुनी आणि वागायला नवी, असा हा प्रकार आहे. गिअर डाव्या पायात, बटनावर सुरू होणारी, कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, चांगल्या आवृत्तीत दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस. वळणावर वाळू किंवा ओले शेण आले तर ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू नये, ही एबीएसची सोय एकट्याने जाणाऱ्या माणसासाठी मोलाची आहे. पण दोन बाबी शोरूममध्ये आवर्जून सांगितल्या जात नाहीत. तारांच्या चाकांमध्ये ट्यूबच असते, त्यामुळे ट्यूबलेसप्रमाणे बाहेरून दोरी भरून पंक्चर काढता येत नाही, चाक खोलावे लागते. आणि गाडीचे वजन १९५ किलो आहे. आडवी पडलेली अशी गाडी सीटकडे पाठ करून, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची कडी धरून, कंबरेने नव्हे तर पायांच्या जोराने उचलावी लागते. घेण्यापूर्वी ओळखीच्या कोणाची गाडी गवतावर आडवी करून हा प्रयोग करा. जमले नाही तर त्याहून हलकी गाडी पाहा, त्यात कमीपणा नाही.

पण मुलाने म्हटले म्हणून लगेच दोन लाखांच्या घरातली गाडी घेऊ नका. निवृत्तीची रक्कम हातात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत केलेल्या खरेदीचा पुढे किती जणांना पश्चात्ताप झाला, यावर माझ्याकडच्या पत्रांची वेगळी फाइल होईल. भाड्याने गाडी मिळते, एखादा भाचा दोन दिवस देतो. तिच्यावरून सलग दोन दिवस दीडदोनशे किलोमीटर जाऊन पाहा. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसावेसे वाटले तर गाडी घ्या. हाताला मुंग्या येत असतील आणि कारच बरी वाटत असेल, तर दोन लाख वाचले.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. तुमच्या पत्रावरून दिसते की गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे. मालकाचे निधन झाले की ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते आणि तीन महिन्यांत वारसाने नमुना ३१ मध्ये नावबदलाचा अर्ज करायचा असतो. उशीर झाला आहे, तो दंड भरून निस्तरता येईल. नोंदणीचेही तसेच : पहिली १५ वर्षे १९९९ साली संपली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत वडिलांनी ते २००९ मध्ये शेवटचे केले असेल, तर मुदत २०१४ला संपली. आता नमुना २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर, नवा विमा आणि पीयूसी हे सारे लागेल. यात लोक एक गोष्ट विसरतात. विम्यासोबत जे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतले जाते, ते ‘मालक-चालका’साठी असते. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर तुम्ही चालक असाल, मालक नसाल, आणि अपघात झाल्यास तुमच्या पत्नीला त्या रकमेसाठी भांडत बसावे लागेल.

नावबदलासाठी इतर वारसांची ना-हरकतही लागते. तुमची बहीण नाशिकला असते असा पत्रात ओझरता उल्लेख आहे. सही मागायला तिला फोन कराल तेव्हा सहीच्या आधी एवढे विचारा की वडील कन्याकुमारीविषयी तिच्याशी काय बोलत असत. मुलीला वडिलांनी वेगळे काही सांगितलेले असू शकते. कदाचित त्यांना आईला मागे बसवून जायचे असेल, कदाचित ते फक्त चहाच्या वेळचे बोलणे असेल. वडील तिचेही होते, आणि ही इच्छा एकट्याने वारसाहक्काने घेण्याआधी तिला विचारणे मला बरे वाटते.

तर माझा सल्ला असा की एका प्रवासात कोंबलेल्या या दोन गोष्टी दोन प्रवासांत वाटून टाका. वडिलांच्या बुलेटवरून जतला जा. सांगलीहून ते नव्वदेक किलोमीटर आहे. वहीतली गावे काढा, ज्यांच्या गोठ्यात वडील रात्री-अपरात्री म्हैस अडली म्हणून गेले असतील, त्यांपैकी कोणी तरी ही गाडी आवाजावरून ओळखेल. दोन दिवस, वडिलांच्या वेगाने, वडिलांच्या आकड्याच्या आत. बिघडली तर टेम्पोत घालून संध्याकाळी घरी आणता येईल. या प्रवासासाठी ती गाडी पुरेशी आहे आणि दुसरी कोणतीही चालणार नाही. कन्याकुमारीला मात्र आजच्या काळातल्या, डाव्या गिअरच्या, तुम्हाला सराव झालेल्या गाडीवरून, स्वतःच्या नावाने जा. जुन्याच गाडीने जायचे असा आग्रह राहिलाच, तर आधी तिच्यावर दीड-दोन हजार किलोमीटर घराच्या आसपास काढा आणि वाटेत तिचे मागचे चाक स्वतः खोलून पंक्चर काढता येते का ते पाहा. त्यानंतरही तुमचे मत तेच असेल तर मी वाद घालणार नाही.

दिवाळीत मात्र कोणत्याच गाडीने निघू नका. आपल्याकडे पाऊस सरलेला असतो, पण त्या सुमारास दक्षिणेत परतीचा म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस असतो. दक्षिण केरळ आणि कन्याकुमारी परिसरात दुपारनंतर विजांसह सरी कोसळतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाच्या यात्रेची वाहने केरळच्या रस्त्यांवर रात्रंदिवस धावत असतात. संक्रांतीचे तिळगूळ घेऊन, जानेवारीच्या उत्तरार्धात निघा. कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी असे उतरलात की पनवेलहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग लागतो. मग कारवार, उडुपी, मंगळूर, कण्णूर, कोळिकोड, आलप्पुळा, कोल्लम असा तो किनाऱ्याने खाली जातो. कुंदापूरच्या अलीकडे मरवंते येथे रस्त्याच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी येते. तिथे अर्धा तास ठेवाच. केरळात मात्र गावाला गाव लागून आहे आणि रुंदीकरणाची कामे चालू असलेले पट्टे आहेत, त्यामुळे तिथे २०० किलोमीटरला पूर्ण दिवस द्या. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले लक्षात येत नाही, डुलकी मात्र येते. तहान नसतानाही दर तासाला पाणी प्या. दर दीड तासाने उतरा, आणि दिवेलागणीच्या आधी मुक्काम गाठा, मग शंभर किलोमीटर कमी पडले तरी चालेल.

आणि एकेरीच जा. सात-आठ दिवसांत सावकाश पोहोचा, दोन दिवस तिथे राहा आणि परतीला गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवा. पेट्रोल पूर्ण काढावे लागते, आरसे उतरवून गोणपाट-गवतात बांधणी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात. कन्याकुमारी ते पुणे अशी थेट रेल्वेगाडी आहे. पार्सलची जागा मिळेल का, हे दोन दिवस आधी स्थानकावर जाऊन विचारा. आलेल्या रस्त्यानेच पुन्हा १३०० किलोमीटर परतताना आनंद फारसा उरत नाही, उरते ती घरी पोहोचण्याची घाई, आणि घाईत चुका होतात.

लडाखविषयी एवढेच सांगेन की ती तुमच्या मित्रांची हौस आहे, तुमच्या पत्रात ती कुठेच नाही.

आता तुमच्या पत्नीविषयी. ‘पत्नीचा विरोध आहे’ असे तुम्ही लिहिता आणि लगेच त्यांचे वाक्य देता : ‘तुम्ही जाणार आणि मी फोनकडे बघत बसणार.’ या वाक्यात ‘जाऊ नका’ कुठे आहे? मला तरी दिसले नाही. त्या वाट पाहण्याविषयी बोलत आहेत, आणि वाट पाहणे हे काय असते ते मला एकदा कळले आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघे मोटारसायकलवरून कोकणात उतरत होतो. चेन बदलायला झाली होती, हे आम्हाला माहीत होते; पुढच्या महिन्यात बघू म्हणून टाळले होते. फोंडा घाटात तिन्हीसांजेला ती तुटली. एका टेम्पोवाल्याने गाडीसकट खाली उतरवले, आम्ही रात्री साडेअकराला मुक्कामी पोहोचलो, आम्हाला खरचटलेही नव्हते. पण सासूबाई दारात बसून होत्या, आणि शोधायला माणूस पाठवायचा तर कोणत्या घाटात पाठवायचा, हे त्यांना माहीत नव्हते. कारण आंबोलीने येणार असे सांगून आम्ही ऐनवेळी रस्ता बदलला होता. त्या नंतर कितीतरी दिवस आमच्याशी तुटक बोलत. त्यांचा राग चेनवर नव्हता.

त्यामुळे ‘परवानगी’ मागू नका आणि ‘समजूत’ही काढू नका. नकाशा त्यांच्यासमोर ठेवा. रोजचा मुक्काम लिहून द्या, रस्ता बदलला तर बदलण्याआधी कळवा. दिवसातून दोन फोन, एक दुपारी आणि एक मुक्कामी पोहोचल्यावर. वेळा त्यांना ठरवू द्या. फोन उशिरा आला तर किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही आणि त्यानंतर कोणाला कळवायचे, हेही आधीच बोलून ठेवा, कारण रेंज नसणे आणि अपघात होणे यांतला फरक घरी बसलेल्या माणसाला कळत नाही. शेवटच्या टप्प्यात त्या रेल्वेने येऊन तुम्हाला भेटू शकतात. मडगावहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने तिरुवनंतपुरमला जाते. त्या येतील की नाही हे मला माहीत नाही, पण त्यांना कोणी विचारलेच नसावे, असा माझा अंदाज आहे.

अशाच बेतात असलेल्या इतर वाचकांसाठी सामानाविषयी थोडेसे. ओझे दहा-बारा किलोंच्या वर जाऊ देऊ नका. जड वस्तू खाली आणि सीटलगत, हँडलला काहीही लटकवू नका. पुढची-मागची एकेक ट्यूब, हातपंप, प्लग, फ्यूज, चेनचे जोडलॉक आणि क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल घ्या. जुने जाणते लोक जादा केबल पिशवीत न ठेवता चालू केबलच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून ठेवतात; मूळची तुटली की दोन टोके जोडली, काम झाले. ज्यांच्याकडे म्हैसूरच्या काळातली येझदी किंवा जावा आहे, त्यांनी पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल सोबत बाळगावे, कारण आता ते प्रत्येक पंपावर मिळेलच असे नाही. आयएसआय खुणेचे हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने बंधनकारक आहे.

तुम्ही या आठवड्यात परवाना आणि आरसी काढून मुदती पाहा, बहिणीला फोन करा आणि बुलेटवरची ताडपत्री काढून टायरवरचे ते चार आकडे वाचा. मिस्त्रीला बोलावाल तेव्हा इंजिनाबरोबर मागच्या सीटचे फूटरेस्ट उघडतात का, तेही पाहायला सांगा; अकरा वर्षांत ते गंजून बसले असतील, आणि जतच्या रस्त्यावर त्यांची गरज पडू शकते.